जटांतली ओल

स्वतःच्या नाकावर त्याचा फार भरवसा होता. तिसऱ्या मजल्यावर कुठल्या खोलीतली चादर बदलायची राहिली आहे, हे तो जिन्यातूनच सांगायचा. त्या संस्थेत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं राहत. त्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं, दाढी करणं, कूस बदलून देणं हे त्याचं काम, आणि काम चोख होतं, त्यात वादच नाही. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना तो छाती फुगवून म्हणायचा, "आमच्या मजल्यावर खुशाल नाक मोकळं सोडून फिरा. कुठे वास आला तर मला येऊन सांगा." कुणाच्या तरी जावयाला त्याने दारातच बूट काढायला लावले होते आणि मोज्यांचा दरवळ सुटल्यावर तितक्याच तातडीने परत घालायला लावले होते. त्यावर सगळा मजला कितीतरी दिवस हसत होता.

त्याच्या डोक्यावर जटा होत्या. हौसेने राखलेल्या, बोटाएवढ्या जाड, पार पाठीच्या मध्यापर्यंत लोंबणाऱ्या. त्यावरून मजल्यावरच्या मोठ्या सिस्टरनी त्याचं नाव 'पारंब्या' ठेवलं होतं आणि तेच रूढ झालं होतं. नावाचा त्याला राग नव्हता, पण जटांना कुणी नावं ठेवलेली त्याला खपायची नाहीत. सुरुवातीला त्या वाढवल्या तेव्हा आई म्हणाली होती, "हे झाड कापल्याशिवाय माझ्या दारात येऊ नकोस." हा पठ्ठ्या खरंच वर्षभर गेला नाही. शेवटी आईनेच बोलावून घेतलं. पण तेव्हापासून जटांचा विषय निघाला की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. समोरच्याने साधं "धुतोस कशा रे?" विचारलं, तरी त्याला त्यात "कापतोस कधी?" असंच ऐकू यायचं.

धुण्याचं म्हणाल, तर तो फारसा धुवायचाच नाही. जटा जितक्या कमी धुवाव्यात तितक्या घट्ट बसतात, असं एका मित्राने कधीकाळी सांगितलं होतं आणि ते त्याने गाठीला बांधून ठेवलं होतं. सकाळी कामावर निघताना तो डोकं नुसतं नळाखाली धरायचा, जटा पिळायचा, त्यांचा अंबाडा घालायचा आणि त्यावर हेल्मेट चढवायचा. संस्थेत पोचला की हेल्मेट उतरायचं आणि कामाची कापडी टोपी चढायची. संध्याकाळी पुन्हा हेल्मेट. घरी आल्यावर सुवासिक मेणाची डबी काढून तो जटांवर बोटं फिरवायचा, वरून दोन थेंब अत्तर लावायचा आणि झोपायचा. उन्हाळ्यात हे कसंबसं निभावलं. थंडी सुरू झाली आणि आतलं पाणी वाळेनासंच झालं.

आता पेंटरबाबांचं सांगायला हवं. उभी हयात त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डोकं मात्र लख्ख होतं. डावा हात थोडा हलायचा, मान वळायची, बस. त्यांची खोली कोपऱ्यातली. खिडकीखाली हीटर असल्यामुळे मजल्यावरची सगळ्यात उबदार. त्यांची मुलगी शहर बस चालवायची. सुट्टी असेल त्या दिवशी यायची, वडिलांच्या उशाशी बसून आठवडाभरातल्या प्रवाशांच्या गमती सांगायची आणि ते डोळ्यांनी हसायचे.

पारंब्या आत आला की मात्र ते हसू मावळायचं. तो भरवायला वाकला की बाबा तोंड भिंतीकडे वळवायचे. दाढीचा साबण लावायला गेला की मान वळवायचे. तो गोडीगुलाबीने समजवायचा, मग थोडा चढ्या आवाजात, मग हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवायचा. जोर नाही करायचा तो, पण फिरवायचा. मनात म्हणायचा, म्हाताऱ्याला माझ्या जटा आवडत नाहीत. जुनी माणसं ही अशीच, आमच्या आईसारखी.

त्या खोलीत त्याला आणखी एक गोष्ट छळत होती. तिथे वास यायचा. माळ्यावर ओलं पोतं विसरावं तसा, कुबट. तो बाबांवर वाकला की जास्तच यायचा. आपल्या मजल्यावर, आपल्या नाकाखाली असा वास म्हणजे त्याला अपमान वाटला. त्याने गादी बदलली. पडदे धुवायला टाकले. हीटरमागची जागा खरवडून काढली. प्लंबरला बोलावून मोरीची जाळी उघडायला लावली. वास होता तसाच. मग एके दिवशी त्याची नजर खुंटीवरच्या शालीवर गेली. तपकिरी, जुनी, कोपऱ्यात रंगाचे दोन-चार ठिपके पडलेली. बाबांनी घरून आणलेली तेवढी एकच वस्तू. रात्री ती अंगावर नसली की त्यांना झोप लागायची नाही.

मुलगी आली तेव्हा तो म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण ही शाल घरी न्या. खोलीला वास मारतोय."

"शालीचा?" ती म्हणाली. "मागच्याच महिन्यात धुतलीय हो मी."

"जुनी लोकर असते, आत धरून ठेवते. माझं नाक कधी चुकत नाही."

तिने शाल नाकाला लावली, पुन्हा लावली, जरा घोटाळली आणि घडी करून पिशवीत घातली. बाबा घशातून काहीतरी आवाज काढत होते, डावा हात उचलू पाहत होते. "आणते हो बाबा, धुऊन आणते," ती म्हणाली. खोलीतला वास काही गेला नाही, आणि ती शालही परत आलीच नाही. पारंब्यानेच सांगितलं होतं, नकोच आता ती, संस्थेचं ब्लँकेट चांगलं आहे.

त्यानंतर बाबांचं तोंड वळवणं वाढलं. एकदा तर सूपाचा चमचा त्यांनी मान झटकून उडवला आणि सूप त्याच्या शर्टावर सांडलं. नेमकी तेव्हा मुलगी दारात उभी होती. पारंब्या काही बोलला नाही, पण न बोलण्याचीही एक तऱ्हा असते. शर्ट पुसता पुसता त्याने असा उसासा टाकला की ऐकणाऱ्याला अपराधी वाटावं.

"रोज असंच करतात का हो?" तिने विचारलं.

"जाऊ द्या ताई. त्यांना मी आवडत नाही. केसांमुळे असेल. आपण काय, आपलं काम करायचं."

ती वडिलांपाशी गेली. बस चालवून चालवून तिचा आवाज मोठा झाला होता. तो आणखी मोठा झाला. "बाबा, लाज नाही वाटत? परका माणूस तुमची घाण काढतो, तुम्हाला घास भरवतो, आणि तुम्ही त्याच्या केसांवरून त्याला असं वागवता? आम्हाला तर तुम्ही शिकवलंत, माणसाचं रूप बघू नये म्हणून! पुन्हा जर तोंड फिरवलंत ना, तर मी यायची बंद होईन."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. डाव्या डोळ्यातून पाणी कानामागे ओघळलं. पारंब्याने ते टिपलं, फार मायेने टिपलं. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, असंही तेव्हा त्याला वाटून गेलं.

त्या दिवसापासून बाबा शहाण्यासारखे वागू लागले. तो आला की डोळे मिटायचे आणि मान सरळ ठेवायचे. पण काही दिवसांनी त्याच्या लक्षात आलं, दाढी करताना त्यांचा चेहरा लाल होतो, गळ्याच्या शिरा टरारतात आणि तो ब्लेड खळबळायला मागे सरला की छाती धाडधाड उडते. घास भरवतानाही तेच. तो घाबरला. काम चोख होतं, म्हटलं ना. त्याने धावत जाऊन मोठ्या सिस्टरना सांगितलं, "बाबांना धाप लागतेय. हृदयाचं काहीतरी असेल. डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर आले. मोठ्या सिस्टरही आल्या. बाबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, छाती तपासली, पाठ तपासली. सगळं ठीक.

"धाप कधी लागते?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी काही करायला गेलो की. थांबा, दाखवतो," असं म्हणून पारंब्या पुढे झाला, बाबांवर वाकला आणि त्यांची उशी सारखी करू लागला.

बाबांनी डोळे मिटले. छाती वर येऊन थांबली. चिमट्याच्या यंत्राकडे डॉक्टर बघत होते, पण मोठ्या सिस्टर बाबांच्या तोंडाकडे बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. नाकपुड्या आत ओढलेल्या. चेहरा लाल होत चालला. पारंब्या सरळ उभा राहून दोन पावलं मागे सरला, तेव्हा कुठे बाबांनी बुडता माणूस वर यावा तसा श्वास घेतला.

"बघितलंत?" पारंब्या म्हणाला.

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मी लक्ष ठेवते, डॉक्टर. काळजीचं काही दिसत नाही." डॉक्टर गेल्यावर त्या पारंब्याला म्हणाल्या, "जरा कपड्यांच्या खोलीत ये."

कपड्यांच्या खोलीत छतापर्यंत चादरी रचलेल्या होत्या. सिस्टरनी दार लावून घेतलं.

"आता मी जे बोलणार आहे त्यानंतर तू माझ्याशी बोलणार नाहीस. नको बोलूस. बाबांना धापबीप काही नाही. तू वाकलास की ते श्वास रोखून धरतात."

"का?"

"पारंब्या, तुझ्या डोक्याला वास येतो रे."

त्याला आधी राग आला. नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या वेगाने आला. "म्हणजे तुम्हीसुद्धा..." तो म्हणाला, आणि तिथेच अडखळला. कारण त्याला ते नाक आठवलं. आत ओढलेल्या नाकपुड्या. मुलीने तोंड वळवायला बंदी केली होती, हात उचलून नाक धरता येत नव्हतं, खिडकी उघडा म्हणता येत नव्हतं. मग त्या म्हाताऱ्याने, जेवढं आपल्या हातात होतं, तेवढं केलं होतं.

"कसला वास?" त्याने हळू विचारलं.

"कुबट. ओल्या पोत्यासारखा."

त्याने टोपी काढली. अंबाडा सोडला. मानेजवळची एक जट पुढे ओढून, पहिल्यांदाच, मुळाशी नाक लावलं. वरून अत्तर होतं, मेण होतं आणि त्यांच्याखाली तोच तो, ज्याच्यासाठी त्याने गादी बदलली होती, मोरी उघडली होती, शाल घालवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून असेल."

"सगळ्यांना माहीत आहे?"

नीट असलेल्या चादरीची घडी मोडून सिस्टर ती पुन्हा घालू लागल्या. तेच उत्तर होतं.

"मग कुणी सांगितलं का नाही मला?"

"तुला?" सिस्टर एवढंच म्हणाल्या.

दिवसाचं उरलेलं काम त्याने कसं उरकलं, त्याला आठवत नाही. प्रत्येक पलंगापाशी तो हात लांब करून, अंग मागे ठेवून उभा राहत होता. आणि एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहत होती. जेवणाच्या खोलीत तो बसला की हटकून कुणीतरी उठून खिडकी उघडायचं आणि "उकडतंय जरा" म्हणायचं, ऐन थंडीत. वाढदिवसाला स्वागतकक्षातल्या बाईंनी त्याला शांपूची मोठी बाटली दिली होती. "माझ्या काय कामाची," म्हणून हसत हसत त्याने ती एका आजींना देऊन टाकली होती, तेही सगळ्यांसमोर. सगळे हसले होते. तो सगळ्यांत मोठ्याने हसला होता. आता त्याला वाटलं, इथली फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

घरी बायको शिवणाच्या यंत्रावर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसली होती. तो दारातच उभा राहिला, हेल्मेट हातात घेऊन.

"माझ्या डोक्याला वास येतो?"

यंत्र थांबलं. तिने सुई वर केली, दोरा तोडला आणि मग म्हणाली, "येतो."

"तुलाही माहीत होतं."

"मी तुझ्या शेजारी झोपते रे."

"म्हणून तू उशी पायथ्याशी घेतेस? पाय दुखतात म्हणायचीस ना?"

"पाय दुखतात म्हणून नाही घेत, हे खरं."

"मग बोलली का नाहीस? लोकांच्या तोंडून ऐकायची वेळ आली माझ्यावर!"

आता तिचा आवाज चढला. "बोलले होते! थंडीच्या सुरुवातीला म्हटलं होतं, डोकं जरा नीट वाळवत जा, ओलसर वास येतो. काय म्हणालास तू? 'आईने तुला हाताशी धरलंय का?' नंतर किती दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. आपल्या पोरीला मध्ये घालून मीठ मागायचास. मला तुझ्याशी भांडायचं होतं की तुझ्याबरोबर राहायचं होतं, सांग."

तो बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपला. ती "आत ये" म्हणाली नाही असं नाही, पण त्याच्यानं आत जाववेना.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि सायकलच्या दुकानाशेजारी जटा बांधून देणाऱ्या अक्काकडे गेला. त्याच्या जटा मुळात तिनेच वळल्या होत्या. पुढे त्याला वाटलं की आपल्याला सगळं जमतं, आणि त्याने जाणं सोडलं. अक्का उंचीपुरी, नाकावर चष्मा घसरलेली, तिच्या स्वतःच्या जटा गुडघ्यापर्यंत. तिने त्याला खुर्चीत बसवलं, मानेमागची एक जट दोन बोटांत दाबली आणि हुंगली. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"ओल धरलीय. मेण लावतोस?"

"रोज."

"आणि ओल्या बांधतोस?"

"हो."

"वर टोपी?"

"टोपी. आणि हेल्मेट."

"शाब्बास. लोणचंसुद्धा असं मुरवत नाहीत." मग तिने विचारलं, "धुवायच्या नाहीत असं कुणी सांगितलं तुला? धुवायला काही होत नाही त्यांना. न वाळवल्या तर होतं."

तिने गरम पाण्याचं घमेलं घेतलं, त्यात खायचा सोडा घातला, त्याची मान मागे करून सगळ्या जटा त्यात सोडल्या. गरम पाण्याने आतलं सगळं वर आलं. तो वास आला तसा त्याने स्वतःच श्वास रोखला. शेजारच्या खुर्चीतला माणूस फोन वाजला नसताना फोन कानाला लावून बाहेर गेला. पारंब्याने डोळे मिटून घेतले. अक्का एकेक जट मुळापासून शेंड्यापर्यंत पिळत होती, पाणी चहाच्या चोथ्यासारखं होत होतं. ते फेकून तिने दुसरं घेतलं, मग तिसरं. मग शांपू पाण्यात पातळ करून नुसता टाळूवर चोळला, व्हिनेगरच्या पाण्याने धुतला आणि फेसाचा मागमूस न उरेपर्यंत खळखळून काढला. टॉवेलात घालून पिळल्या, पुन्हा पिळल्या, आणि मग वाळवायचं यंत्र घेऊन ती कितीतरी वेळ उभी राहिली.

मागच्या चार जटा तिने वेगळ्या धरल्या. "या वाचत नाहीत. आत बुरशी गेलीय." एक कापून तिने उभी चिरून दाखवली. आत करडी भुकटी होती, विझलेल्या वातीसारखी. "कापू?"

"काप," तो म्हणाला. याच डोक्यासाठी तो वर्षभर आईच्या दारात गेला नव्हता.

निघताना तिने बजावलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी धुवायच्या, म्हणजे दिवसभर वाळतील. मेण बंद. ओल्या असतील तर काही झालं तरी बांधायच्या नाहीत. टोपी रोज धुतलेली. "आणि लाज वाटून घेऊ नकोस. केस आहेत, वास मारायचेच." पण लाज काय पाण्याने जाणारी गोष्ट थोडीच होती.

कारण खरं काम पुढेच होतं. बाबांच्या मुलीला सांगायला हवं होतं. तिच्या हातून आपण तिच्या बापाला बोलणी खायला लावली, न केलेल्या गुन्ह्याची. त्याने बाबांकडे एकटं जाऊन सांगायचा प्रयत्न केला, पण खोलीत शिरला की शब्द फुटायचे नाहीत. बाबा सवयीने डोळे मिटून श्वास रोखायचे आणि मग, जरा वेळाने, चुकून आल्यासारखा एक श्वास घ्यायचे. दुसरा घ्यायचे. डोळे उघडून त्याच्याकडे नवलाने बघायचे. तो साबण, वस्तरा, वाटी यांच्याकडे बघत काम उरकायचा आणि निघायचा.

मुलीच्या सुट्टीचा दिवस आला तेव्हा तो तळमजल्यावर धोबीखान्यात जाऊन बसला. गरज नसलेल्या उशांच्या खोळी मोजत बसला. ती निघून गेल्याचं खिडकीतून दिसलं तेव्हा वर आला. मोठ्या सिस्टर जिन्यात उभ्या होत्या. "तिने विचारलं, भाऊ कुठे आहेत म्हणून. फळं आणली होती तुझ्यासाठी. बाबांना सांभाळून घेता म्हणून." टेबलावर पिशवीत संत्री होती. ती संत्री बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सिस्टर, मला दुसऱ्या बाजूच्या खोल्या द्या."

"नाही देणार," सिस्टर म्हणाल्या. "आणि संत्री घरी ने. इथे ठेवून मला त्यांच्याकडे बघायला लावू नकोस."

पुढच्या वेळी ती आली तेव्हा तो खोलीच्या दाराशीच उभा होता. टोपी हातात होती. जटा मोकळ्या, कोरड्या, मानेमागे मोकळी जागा दिसत होती.

"ताई, आत जाण्याआधी एक सांगायचं आहे."

तो बोलला. आडवळणं घेतली, परत मूळ मुद्द्यावर आला, पण सगळं बोलला. वास कुणाचा होता, तोंड का वळवत होते, तुम्ही बोललात त्यानंतर ते श्वास कसे रोखत होते. शेवटी म्हणाला, "आणि शालीला काही नव्हतं. माझंच होतं ते."

कॉरिडॉरमधून एक ढकलखुर्ची गेली, ती तिने जाऊ दिली.

"मी घरी नेऊन ती शाल हुंगली होती," ती म्हणाली. "मला काहीच वास आला नव्हता. नवऱ्याला दिली, त्यालाही आला नाही. तरी म्हटलं, रोज इथे राबणारा माणूस सांगतोय, आपलंच नाक बथ्थड असेल. माझ्या गाडीत कामावरून सुटलेली माणसं खच्चून भरलेली असतात. वास असह्य झाला की मी खिडकी खाली करते. बाबांना काय करता येत होतं? आणि जे येत होतं ते मी बंद करायला लावलं."

"तुमची चूक नाही, ताई. मीच..."

"माझी चूक काय ते मी बघीन. तुम्ही आत चला. माझ्यासमोर सांगा त्यांना."

ते आत गेले. तो पलंगापासून लांब, स्टुलावर बसला, मग ते वडीलधाऱ्यांसमोर बरं दिसेना म्हणून उठून उभा राहिला. "बाबा," तो म्हणाला, "वास माझ्या डोक्याला येत होता. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी तुमची हनुवटी धरून तोंड फिरवत होतो. तसं करायला नको होतं."

मुलगी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून वडिलांचा हात धरून होती. "आणि मी न विचारता बोलले, बाबा," ती म्हणाली.

बाबा आधी त्याच्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. मग त्यांनी डावा हात तिच्या हातातून सोडवून घेतला आणि कष्टाने वर केला. त्यांनी खुंटीकडे दाखवलं.

खुंटीवर काही नव्हतं.

"शाल," पारंब्या म्हणाला. "शाल मागतायत."

मुलीने तोंडावर हात धरला. पुढे काय ते त्याला तिच्या डोळ्यांतच दिसलं. ती शाल तिने टाकून दिली होती. दान द्यायच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत, बसच्या आगाराच्या वाटेवर. "नाही हो बाबा," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. बाबांचा हात वरच होता. तो खाली घ्यावा हे दोघांपैकी कुणाला सुचेना. शेवटी तो आपणच थकून खाली आला.

पारंब्याने पुढच्या आठवड्यात नवी शाल आणली. चांगली होती, मऊ होती, रंगही जवळपास तोच. बाबांनी ती अंगावर घेऊ दिली. पण रात्रपाळीची बाई म्हणायची की झोपताना ते डाव्या हाताने ती ढकलून देतात, आणि सकाळी ती पायाशी गोळा झालेली असते.

खोली त्याच्याकडेच राहिली. मुलीनेही ती काढून घ्या असं सांगितलं नाही. आता तो वाकला की बाबा सावकाश श्वास घेतात, घास घेतात, गाल पुढे करतात. यावरून त्यांनी माफ केलं असं समजायचं, की माणूस दमून गेला की असाच होतो असं समजायचं, हे त्याला कळत नाही. विचारायची सोयही नाही. सुट्टीच्या दिवशी तो गच्चीवर उन्हात पाठ करून बसतो, बायको मागे उभी राहून एकेक जट उलटी-सुलटी करते, आणि तो दर थोड्या वेळाने विचारतो, "येतोय का?" ती म्हणते, "नाही रे बाबा, नाही येत." तो पुन्हा विचारतो. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" त्याने खरं सांगितलं, "तुझ्यावर आहे."

मुलगी अजून येते. वडिलांना प्रवाशांच्या गमती सांगते. पारंब्याशी नीट बोलते, दुखावेल असं काही नाही. पण 'भाऊ' म्हणायचं तिने सोडलं आहे. काही हवं असलं तर दारातून "अहो" म्हणते. पहिल्यांदा तिने तशी हाक मारली तेव्हा तो क्षणभर थबकला, मग "हो, आलो" म्हणाला आणि खाली मान घालून आत गेला.